मालगाडीचं गाणं आणि एलिझाबेथबाईंचं नाव



आज आपण एका कामकरी बाईचा इतिहास ऐकणार आहोत. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेची आहे. पण धुणीभांडी, लेकरं, नातवंडं यांत आयुष्य गेलेल्या बाईची गोष्ट कुठलीही असली तरी आपल्याला चटकन कळते.

त्यांचं नाव एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, कारबरो नावाच्या गावी, 1890 नंतरच्या काही वर्षांत एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच शाळा सुटली आणि त्या दुसऱ्यांच्या घरी कामाला लागल्या. पगार महिन्याला जेमतेम डॉलरभर. त्यातूनच पैसे साठवून त्यांनी 3.75 डॉलरची गिटार घेतली. म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई एका वाद्यात घातली.

एलिझाबेथबाई डावखुऱ्या होत्या. गिटार मात्र उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी केलेली. शिकवायला कुणी नव्हतं. त्यांनी तारा न बदलता गिटार सरळ उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आल्या आणि बारीक तारा वर. इतर लोक अंगठ्याने जाड तारा छेडतात, या बाई अंगठ्याने चाल वाजवू लागल्या. पुढे ही पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली गेली. घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या असताना एक गाणं रचलं. त्याचं नाव ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे मालगाडी.

मग लग्न झालं, मूल झालं. चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं की असली गाणी बरी नव्हेत. गिटार सुटली ती कित्येक वर्षं. साठीच्या आसपास त्या वॉशिंग्टन शहरात सीगर कुटुंबाकडे घरकाम करत होत्या. हे घर संगीताचं. गिटार भिंतीवर टांगलेली असायची. एक दिवस बाईंनी ती खाली काढली आणि वाजवली. घरातली मुलं चकित झाली. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या हातात ही कला आहे, हे तोवर कुणाला माहीतच नव्हतं.

त्या घरातली मुलगी पेगी पुढे इंग्लंडला गेली. तिने तिथे हे गाणं म्हटलं. गाणं लोकांना आवडलं, आणि दोन माणसांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं! 1957 मध्ये इंग्लंडमध्ये त्याची तबकडी जोरात खपली. गाणं रचणारी बाई मात्र वॉशिंग्टनमध्ये घरकामच करत होती. बऱ्याच खटपटीनंतर, सीगर कुटुंबाच्या मदतीने, गाण्यावर बाईंचं नाव लागलं.

याच सुमारास पेगीच्या भावाने, माइक सीगरने, एक महत्त्वाचं काम केलं. टेपरेकॉर्डर घेऊन तो बाईंच्या घरी गेला. घरातच, नातवंडं भोवती असताना, बाईंचं वाजवणं आणि गाणं टेप केलं. मोठी खोली नाही. 1958 मध्ये फोकवेज कंपनीने त्याची तबकडी काढली. ती अजून ऐकली जाते.

त्या कमाईतून आणि कार्यक्रमांतून पुढे एलिझाबेथबाईंनी सिरॅक्यूस शहरात स्वतःचं घर घेतलं. नव्वदी उलटल्यावर त्यांना अमेरिकेतला ग्रॅमी हा मोठा पुरस्कार मिळाला. 1987 मध्ये त्या वारल्या.

मैत्रिणींनो, आपल्या गटात रुपया जमा झाला तरी वहीत नाव लिहितो, सही घेतो. मग गाण्याला का नाही? आपल्याच महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. म्हणून आज ती ओवी कुणाच्या तोंडची, हे सांगता येतं. जातं बंद झालं, पण त्या बायांची नावं राहिली.

आता टेपरेकॉर्डर लागत नाही, गटातल्या कुणाकडे तरी फोन असतोच. पंखा, टीव्ही बंद करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मधेच कुणाचा फोन येणार नाही. मोकळ्या पक्क्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गोधड्या-कपडे असलेल्या खोलीत बसा. फोन हातात धरू नका, तोंडापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा. आधी दोन ओळी म्हणून ऐकून पाहा, मग पूर्ण म्हणा. दुसऱ्या एका फोनवरही ते ठेवा. एक फोन पाण्यात पडला तरी गाणं बुडणार नाही.

आणि गाण्याच्या आधी स्वतःच्या तोंडाने सांगा: माझं नाव, माझं गाव, आजची तारीख. गाणं आईकडून आलेलं असेल तर आईचं नाव सांगा. स्वतः रचलेलं असेल तर तेही स्पष्ट सांगा. आपल्या देशाच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, स्वतः रचलेल्या गाण्यावर रचणारीचा हक्क असतो. नोंदणी केली नसली तरी असतो. पण वाद झाला तर पुरावा लागतो, आणि तारीख सांगून केलेलं रेकॉर्डिंग तिथे उपयोगी पडतं. कुणी गाणं मागितलं तर जरूर द्या, पण नावासकट द्या.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींना म्हणायला लावा. त्या आधी नाहीच म्हणतील, “माझा आवाज कसला आता,” म्हणतील. त्यांना सांगा, एलिझाबेथबाईंची पहिली तबकडी निघाली तेव्हा त्याही साठीच्या पुढे होत्या.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.