चाकणचा कांदा आणि खुला बाजार

चाकण म्हटलं की आज एमआयडीसी, कंटेनर आणि ट्रॅफिक जाम आठवतो. पण पुणे-नाशिक रस्त्यावरचा एक जाम इतिहासात जमा आहे. १९८० मध्ये कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनीच हा रस्ता अडवला होता.

त्यांचे नेते शरद जोशी मूळचे साताऱ्याचे. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. जमाखर्चाची वही मांडली, तर शेती तोट्यातच. का? शेतकरी आळशी, अडाणी म्हणून नव्हे. शहरात धान्य स्वस्त राहावं म्हणून सरकार निर्यातबंदी आणि लेव्ही लादून भाव पाडतं म्हणून. म्हणजे सबसिडी शेतकऱ्याला मिळत नव्हती, तोच ती देशाला देत होता. त्याला जोशी 'उणे सबसिडी' म्हणत. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी संघटनेची घोषणाच होती: 'भीक नको, हवे घामाचे दाम.'

पुढे नव्वदच्या दशकात अनेक शेतकरी नेते डंकेल प्रस्तावाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा जोशींनी त्याला पाठिंबा दिला. भाव मागणारा माणूस बाजाराच्या बाजूने कसा? त्यांच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच होता: सरकारने शेतकऱ्याच्या छातीवरून उठावं.

खुल्या बाजारात लहान शेतकरी टिकेल का, हा आक्षेप रास्तच आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर पुन्हा निर्यातबंदी आली. चाकणच्या कारखान्यातली गाडी परदेशी जात राहिली, कांदा मात्र अडला. २०१५ मध्ये जोशी गेले. त्यांचा हिशेब अजून मिटलेला नाही.