सरासरीत बुडालेली उपनगरं

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात फक्त ७३. आता ‘मुंबईतला पाऊस’ म्हणून आलेखात एकच स्तंभ काढा. सरासरी येते साधारण ५०९. हा आकडा त्या दिवशी ना कुलाब्याने पाहिला, ना अंधेरी-कुर्ल्याने.

वेळेचंही तेच. ९४४ ला २४ ने भागलं की तासाला ३९. जोराचा पाऊस वाटतो, प्रलय नाही. प्रत्यक्षात बहुतेक पाऊस दुपारी अडीचनंतरच्या सहा तासांत कोसळला, त्यातल्या एका तासात तर १९० मिमी! आणि आपली जुनी गटारं तासाला २५ मिमीच्या हिशेबाची. मिठीचा पूर, साकीनाक्याची दरड ही त्या तासांची गोष्ट आहे. रोजच्या बेरजेच्या स्तंभात ती दिसतच नाही.

नंतर पालिकेने जागोजागी पर्जन्यमापक बसवले. आज बातम्यांत शहर, पूर्व उपनगरं, पश्चिम उपनगरं असे तीन आकडे येतात. सुधारणा आहेच. पण घाटकोपर कोरडं आणि मुलुंड पाण्यात असेल, तर एका सरासरीतून काय कळणार? माझं म्हणणं एवढंच: तासागणिक, वॉर्डागणिक नकाशा लोकांपुढे ठेवा. पोरांना शाळेतून कधी आणायचं, हे आपण त्यावरच ठरवणार ना?