शेक आणि डाग : नगर प्रांतातील अश्वचिकित्सेतील दोन पदे

घोड्याच्या दुखापतीवर उष्णतेने करावयाच्या उपचारांसाठी मराठीत दोन निरनिराळी पदे रूढ आहेत : शेक आणि डाग. पहिल्यात ऊब दिली जाते. दुसऱ्यात तापल्या लोखंडाने कातडे जाळले जाते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अश्वेतिहासाचा अभ्यास करताना हा भेद विसरल्यास अर्थाचा घोटाळा होतो.

भेदाचे मूळ संस्कृत वैद्यकात आहे. सुश्रुतसंहितेने ताप, ऊष्म, उपनाह व द्रव असे स्वेदाचे चार प्रकार सांगितले असून, अग्निकर्माचे विवेचन सूत्रस्थानाच्या १२ व्या अध्यायात स्वतंत्रपणे केले आहे. वाळूचा शेक आणि गरम लुपरी ही स्वेदाची, तर डाग हे अग्निकर्माचे रूप होय. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्राने वैद्यकाची त्रिदोषांची चौकट घोड्यास लागू केली. हे शास्त्र पुढे फारसीतही उतरले.

'डाग' या पदास मात्र दुसरा अर्थ आहे. फारसी 'दाग' म्हणजे तापल्या लोखंडाची खूण. अलाउद्दीन खलजीने (१२९६–१३१६) व पुढे अकबराने लष्करी घोड्यांची अदलाबदल रोखण्यासाठी ही पद्धत अवलंबिली. त्यामुळे जुन्या कागदात 'डाग दिलेला घोडा' आढळल्यास तो उपचार झालेला की सरकारी शिक्क्याचा, हे संदर्भानेच ठरवावे लागते. डाग पुठ्ठ्यावर असेल तर तो बहुधा ओळखीचा. नळीमागील कंडरेवर वा सांध्यावर असेल तर उपचाराचा.

नगरास हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. १४९० मध्ये स्थापन झालेल्या निजामशाहीचे बळ घोडदळावर होते. श्रीगोंदे व कर्जत तालुक्यांच्या सीमेवरील भीमाकाठ भीमथडी तट्टांचा प्रदेश. ब्रिटिश अमदानीत येथे लष्करी घोड्यांचा रिमाउंट डेपो होता. १९४८ पासून चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे.

डागणी ही केवळ एतद्देशीयांची समजूत होती, असेही म्हणता येत नाही. युरोपीय पशुवैद्यही विसाव्या शतकात दीर्घकाळ लंगड्या घोड्यांच्या कंडरा डागीत असत. १९८३ साली ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डागण्याने कंडरेच्या भरून येण्यास लाभ होत नसल्याचे दिसून आले. डागलेल्या घोड्यास महिनोन्महिने सक्तीची विश्रांती मिळे. गुणाचे श्रेय विश्रांतीऐवजी लोखंडास गेले असावे. ताज्या दुखापतीत प्रथम थंड उपचार आणि सूज ओसरल्यावर ऊब, हा क्रम आज मान्य आहे.

म्हणजे शेकास आधुनिक शास्त्रात मर्यादित स्थान उरले, डागास उरले नाही. दोन्ही उपचार अग्नीचेच. परंतु मराठीने त्यांना एकच नाव दिले नाही, यातील विवेक इतिहासाच्या अभ्यासकाने जपला पाहिजे.