कट्टा, कुंपण आणि कुलूप : नगरोद्यानांच्या इतिहासाची काही पाने

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. पुढील दोन-तीन वर्षांत या साथीने हजारो माणसे नेली, आणि त्याचबरोबर शहर कसे वसवावे याविषयीची तत्कालीन राज्यकर्त्यांची कल्पनाही मुळापासून हलविली. १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात साथ बंगळूरला पोहोचली व येथील दाटीवाटीच्या पेठेत तिने हाहाकार उडविला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या दोन वसाहतींची आखणी त्याआधीच झाली होती. परंतु पेठेतील लोक घरदार सोडून तिकडे राहावयास गेले ते प्लेगच्या धसक्यानेच. आपण मराठी मंडळी ज्या दोन शहरांशी जन्माने वा पोटापाण्याने बांधली गेलो आहोत, त्या दोन्ही शहरांतील रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आणि मोकळी मैदाने यांचे पितृत्व असे एका महामारीकडे जाते. इतिहासात असे विपरीत योग पुष्कळ आढळतात.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत उद्यानांचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आपले मंडळ पन्नास वर्षे टिकले ते लोकांना एकत्र बसावयास जागा मिळाली म्हणून, हे त्याचे थोडक्यात उत्तर आहे. शहरातील अपरिचितांनी एकत्र बसावे कोठे, हा त्याच प्रश्नाचा मोठा भाग होय.

आपल्याकडे बागा प्राचीन काळापासून आहेत. परंतु त्या राजाच्या, सरदाराच्या वा देवस्थानच्या. हैदर अलीने १७६० च्या सुमारास लालबागेचा आरंभ केला तो स्वतःच्या विलासासाठी. शासकीय वनस्पती-उद्यान म्हणून तिची गणना १८५६ पासून होऊ लागली. ज्याला आपण सार्वजनिक उद्यान म्हणतो, म्हणजे करदात्यांच्या पैशाने केलेले आणि कोणाही नागरिकास विनापरवाना जाता येईल असे, ते एकोणिसाव्या शतकाचे अपत्य आहे. इंग्लंडातील लिव्हरपूलनजीकचे बर्कनहेड पार्क १८४७ साली खुले झाले. बंगळूरात रिचर्ड सँकी या अभियंत्याने आखलेले कब्बन पार्क १८७० चे. या साऱ्या उद्यानांमागची मुख्य प्रेरणा हवेची होती. दाट वस्तीतील दूषित हवेने रोग होतात अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत होती, म्हणून उद्यान हे शहराचे फुप्फुस मानले गेले. तेथे कोणी कोणास भेटावे, कोठे बसावे, सायंकाळी एकट्या स्त्रीस तेथे निर्धास्त वाटेल काय, हे प्रश्न आखणी करणाऱ्यांच्या कागदावर फारसे नव्हते. त्यांची उत्तरे पुढे लोकांनी आपापल्या परीने शोधली, आणि माझ्या मते त्यांतील सर्वांत यशस्वी उत्तर दादरला सापडले.

शिवाजी पार्कचे मैदान मुंबई नगरपालिकेने १९२५ साली माहीम पार्क या नावाने लोकांस खुले केले. दोनच वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिकाच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचे नामकरण शिवाजी पार्क असे झाले. क्षेत्र सुमारे २८ एकर, म्हणजे आपल्या कब्बन पार्कच्या दशांशाहूनही कमी. दुर्मिळ वृक्ष, कारंजी, ताटवे यांपैकी तेथे काहीही नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले तर तो त्यास उद्यान म्हणावयास तयार होणार नाही. मधोमध मातीचे मैदान, भोवती पर्जन्यवृक्षांची सावली, आणि कडेने जेमतेम सव्वा किलोमीटर परिघाचा बुटका दगडी कठडा. सारी किमया त्या कठड्याची आहे! त्यालाच दादरकर ‘कट्टा’ म्हणतात.

हा कट्टा नीट न्याहाळावा. तो कुंपणाचे काम करतो आणि बाकाचेही. त्याची उंची अशी की म्हाताऱ्याला टेकता येते, पोराला उडी मारून आत जाता येते आणि रस्त्यावरून जाणाऱ्यास आतले सारे मैदान दिसते. बसणारा मैदानाकडे तोंड करून क्रिकेट पाहू शकतो, किंवा पाठ फिरवून रस्त्यावरची वर्दळ. पाच-सात जण एका ओळीत बसले तरी ओळखीच्या-अनोळखीच्या दोन घोळक्यांमध्ये हवे तेवढे अंतर ठेवता येते. कोणास जागा सोडून उठ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. कट्ट्यालगतचा रस्ता ओलांडला की १९३० ते १९५० च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती. त्यांच्या सज्जांची व खिडक्यांची तोंडे मैदानाकडे आहेत. खाली कोणाचा मुलगा काय करतो आहे हे वरच्या सज्जातून आजीला दिसते. आणि आजीला दिसते हे त्या मुलालाही ठाऊक असते.

तिसरी गोष्ट वेळेची. पहाटे फिरणारे वृद्ध, त्यांच्या मागोमाग क्रिकेटचे सराव — रमाकांत आचरेकर यांनी सचिन तेंडुलकरला घडविले ते याच मातीत —, दुपारी सावलीला विसावणारे फिरते विक्रेते आणि टॅक्सीवाले, सायंकाळी समर्थ व्यायाम मंदिरातील मुले-मुली, उद्यान गणेशाच्या दर्शनास येणाऱ्या गृहिणी, नाना-नानी पार्कातील ज्येष्ठ, आणि रात्री जेवणानंतर शतपावलीस निघालेली कुटुंबे. एक गट उठतो तो दुसरा येऊन बसतो. मैदान ओस पडते अशी वेळच फारशी येत नाही, आणि म्हणूनच रात्री नऊ-साडेनऊस परतणारी तरुणी मैदानाच्या कडेने येणे पसंत करते. या व्यवस्थेसाठी कोणी पहारेकरी नेमलेला नाही. नेमला असता तर त्याच्याने ती साधलीही नसती.

शिवाजी पार्कची भलावण करताना त्याच्या तक्रारी झाकून ठेवणे योग्य नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनापासून येथे विराट सभा भरत आल्या. त्यांचा महाराष्ट्राच्या इतिहासाला अभिमान आहे, परंतु भोवतालच्या रहिवाशांच्या कानांना नव्हता. रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि २०१० साली हा परिसर शांतता क्षेत्र ठरला. मैदानातील लाल मातीची धूळ घराघरांत जाते ही तक्रार तर अजूनही आहे. लोकप्रिय जागेला असे भांडण लाभणारच. ज्या जागेविषयी कोणी भांडत नाही, तेथे बहुधा कोणी जातही नाही.

दादरला जे अर्धे योजनेने आणि अर्धे योगायोगाने घडले, त्याचे शास्त्र परदेशात एका विदुषीने मांडले. जेन जेकब्ज यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन शहरांवरील ग्रंथात फिलाडेल्फियाचे एक उदाहरण आहे. विल्यम पेन याने १६८२ मध्ये ते शहर आखताना मध्यवर्ती चौकाभोवती चार चौक उद्यानांसाठी राखून ठेवले. चौघांचे वय एक आणि आकार जवळजवळ सारखा. परंतु नशीब निरनिराळे. रिटनहाऊस चौक सदैव गजबजलेला आणि लोकांचा लाडका. फ्रँकलिन चौक निराधारांचा आसरा झाला. वॉशिंग्टन चौक एके काळी सभ्य माणसाने टाळावा असा झाला होता. आणि लोगन चौक वाहनांच्या भोवऱ्यात सापडला. बाईंनी कारण शोधले ते उद्यानांच्या आत नव्हे, बाहेर. रिटनहाऊसच्या भोवती घरे, दुकाने, कार्यालये, कलाशाळा असे सारे मिसळलेले होते, त्यामुळे दर प्रहरी निराळे लोक येत. वॉशिंग्टन चौकाभोवती केवळ कचेऱ्या. दुपारच्या फराळाची सुटी संपली की शुकशुकाट. आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसांनी लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे : आम्ही एकटे कोणतेही उद्यान जिवंत ठेवू शकत नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कची हकीकत याच्याच जोडीची. १९३४ साली ते रस्त्यापासून उंचावर, झुडपांच्या आडोशात, मोठ्या डौलाने पुन्हा बांधले गेले. हेतू शांततेचा होता. परंतु बाहेरून आतले दिसेनासे झाले आणि १९७० च्या दशकात तेथे अमली पदार्थांचे विक्रेते ठाण मांडून बसले. लोकांच्या बसण्या-उठण्याचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी सल्ला दिला तो पहारा वाढविण्याचा नव्हे, तर झुडपे कमी करून प्रवेशद्वारे वाढविण्याचा. उद्यान १९८८ मध्ये दुरुस्तीसाठी बंद होऊन १९९२ मध्ये उघडले, तेव्हा तेथे हलक्या, उचलून हवी तेथे नेता येतील अशा खुर्च्या मांडल्या होत्या. दादरच्या मंडळींना खुर्चीचाही खर्च आला नाही, ही गोष्ट निराळी.

आता आपल्या उंबरठ्याशी यावे. राजाजीनगर ही १९४९ साली, चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल असताना, त्यांच्या नावाने वसविली गेलेली औद्योगिक उपनगरी. आखणी करणाऱ्यांनी विभागवार मोकळ्या जागा राखल्या होत्या, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. बैठी घरे, पुढे चार पायऱ्या, पायऱ्यांवर बसलेली माणसे, समोर मैदान अशी रचना त्या काळी पुष्कळ ठिकाणी होती. त्या बैठ्या घरांच्या जागी आज चार-चार मजले उठले आहेत. माणसे वाढली, खिडक्याही वाढल्या. पण तळमजला मोटारींना दिला गेला. उद्यानासमोर ओसरी होती तेथे आता लोखंडी शटर आहे. वरच्या मजल्यावरील डोळे वातानुकूलन यंत्राच्या मागे गेले. उद्यानात रंगीत फरशांची वाट आली, व्यायामाची यंत्रे आली. आणि दारावर आले कुलूप. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसास कुलुपाचे आकर्षण मी समजू शकतो : जागा बंद असली की तेथे काही घडत नाही, आणि काही घडले नाही की खुलासा द्यावा लागत नाही.

याच भागात किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. १९४६ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या आधाराने कित्येक मराठी कुटुंबे बंगळूरात स्थिरावली. त्या जमिनीवर आज उंच इमारती आणि २०१२ साली उघडलेला ओरायन मॉल आहे. सायंकाळी आपली मुले तेथे जातात. पाण्याकाठी पायऱ्या आहेत, उजेड आहे, स्वच्छतागृहे आहेत, मुलींना सुरक्षित वाटते. त्यांना दोष कसा द्यावा? परंतु तेथील बसण्याचा हक्क मालकाच्या मर्जीचा आहे, आणि धुण्याभांड्याचे काम आटोपून निघालेली बाई तेथे घटकाभर टेकणार नाही.

वस्तुतः कट्टा ही चीज येथील भूमीला परकी नाही. कन्नडमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, आणि पिंपळाभोवती बांधलेल्या पाराला म्हणतात ‘अरळीकट्टे’. आपला ‘कट्टा’ हा शब्द त्याच कुळातला दिसतो. नागशिळा मांडलेले असे पार बंगळूरच्या जुन्या वस्त्यांतून अजून आढळतात. गावाचा न्यायनिवाडा तेथेच होई. आपण दादरहून काही शिकवावयास आलो आहोत असे नव्हे. दोघांच्याही आजोबांना जे ठाऊक होते तेच येथे चालावयाचे आहे.

या शहराच्या नागरिकांनी उद्यानासाठी दिलेली एक झुंज मराठी वाचकांस फारशी परिचित नसावी. सदाशिवनगर भागातील राजमहल विलास वसाहतीत योजनेने उद्यानासाठी राखलेली एक जागा १९७० च्या दशकात एका खाजगी संस्थेला रुग्णालयासाठी देण्यात आली. रुग्णालय हेही लोकोपयोगीच, असा युक्तिवाद होता, आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. रहिवासी न्यायालयात गेले. तुमचे व्यक्तिशः काय नुकसान झाले, हा प्रश्न त्यांना विचारला गेलाच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि जुलै १९९१ मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. उद्यान ही एके काळी श्रीमंतांची मिरास होती, आता ते सर्वांच्या जगण्याचा भाग आहे; त्याची जागा दुसरी कोणतीही सोय भरून काढू शकत नाही; आणि वसाहतीतील साध्या रहिवाशासही तिच्यासाठी दाद मागता येते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कर्नाटकात त्याआधी १९७५ आणि १९८५ साली उद्यानांच्या रक्षणार्थ दोन कायदे झाले होते. परंतु कायद्याला माणसे लागतात, आणि ती त्या वसाहतीत निघाली.

जमीन वाचविण्याची लढाई अशी बरीचशी जिंकली गेली. वेळेची लढाई मात्र रेंगाळली. वर्षानुवर्षे बंगळूरची विभागीय उद्याने सकाळी उशिरा बंद होत आणि दुपारनंतर उघडत. ज्यांना मध्यान्हीच सावली हवी, ते पत्रे वाटणारे, बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, आजीबरोबर घरी असलेली लहान मुले, त्यांच्यासाठी ती नव्हतीच. २०२४ साली महानगरपालिकेने पहाटे पाच ते रात्री दहापर्यंत उद्याने खुली ठेवण्याचे ठरविले. प्रेमी युगुले येऊन बसतील, भिकारी झोपतील, अशी ओरड त्या वेळी काही रहिवाशांनी केली. येऊन बसतात हे खरे आहे. परंतु त्यांच्याशेजारी भाजी निवडणाऱ्या दोघी आणि पत्ते पिसणारे चौघे निवृत्त बसले, म्हणजे त्या युगुलालाही मर्यादा राहते व त्या दोघींनाही सोबत होते.

कब्बन पार्कात २०२३ च्या सुमारास निराळाच प्रयोग सुरू झाला. शनिवारी सकाळी मंडळी आपापले पुस्तक घेऊन झाडाखाली येतात, चटई पसरतात, आणि कोणाशी न बोलता वाचत बसतात. न बोलण्यासाठी एकत्र जमणे आपल्या मराठी स्वभावास काहीसे कठीणच. तथापि तेथे एकट्याने आलेल्या मुली दोन-दोन तास निर्धास्तपणे बसलेल्या दिसतात, हे मी पाहिले आहे. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयातील पुस्तके महिन्यातून एका रविवारी राजाजीनगरच्या एखाद्या उद्यानात नेऊन बसावयास कोणाची हरकत नसावी; परवानगीची गरज मला दिसत नाही, आणि लागलीच तर अर्ज मी लिहून देईन. मात्र तेथे स्त्रियांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे काय, याची चौकशी आधी करावी लागेल. पुष्कळ उद्यानांत ते नाही, काही ठिकाणी आहे पण त्याची किल्ली माळ्याकडे असते, आणि माळी दुपारी जेवावयास जातो.