रायफल कोणती, त्याआधी काडतूस कोणतं

आज केळीवर नाही, मक्यावर पण नाही.

परवा रानडुकरांनी मक्याच्या चार-पाच ओळी आडव्या केल्या. सकाळी बांधावर आम्ही पाच-सहा जण बसलो होतो आणि बोलणं बंदुकीवर गेलं. आमच्यातला एक पोरगा म्हणे, काका, ती मिलिटरीची फटाफट चालणारी रायफल पाहिजे होती. मी म्हटलं, बाबा, ती तुला-मला परवान्यावर भेटत नाही. आणि ज्या सरकारला ती आपल्या शिपायासाठी घ्यायची होती, त्याला ठरवता ठरवता सतरा वर्षं गेली. कोणालाच खरं वाटेना, म्हणून लिहून काढतो. गोष्ट अमेरिकेची आहे, पण तिचा शेंडा आपल्या वरणगावपर्यंत येतो.

आधी दोन गोष्टी समजून घ्या. जुन्या रायफलीत एक गोळी उडाली की हाताने बोल्ट मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर टाकायचं, बोल्ट पुढे ढकलायचा, मग दुसरी गोळी. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे हे काम रायफल स्वतः करते. गोळी उडताना जो गॅस किंवा धक्का तयार होतो, त्याच्याच जोरावर पुढचं काडतूस नळीत चढतं. घोडा एकदा दाबला की एकच गोळी, पण हात बोल्टकडे न्यायचं काम नाही, नेम मोडत नाही.

दुसरं माप. आपल्याकडं बारा बोअर सगळ्यांना माहीत. बारा हा आकडा मिलिमीटर नाही, इंच पण नाही. त्या नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून बारा. रायफलीचं माप मात्र सरळ इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. .३० म्हणजे इंचाचे तीस शतांश, म्हणजेच ७.६२ मिलिमीटर. .२७६ म्हणजे सात मिलिमीटर. दिसायला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. भांडण सगळं या फरकाचं होतं.

अमेरिकेच्या आधी लोकांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. मेक्सिकोच्या मोंद्रागोन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अशी रायफल काढली होती, ती स्वित्झर्लंडात बनवून घेतली, पण महाग पडली आणि त्यातच देशात क्रांती पेटली. रशियात फ्योदोरोव्हने पहिल्या महायुद्धात अशी रायफल केली, तिला जपानचं ६.५ मिलिमीटरचं काडतूस लावलं, कारण ते सौम्य होतं. फ्रान्सने १९१७ ची रायफल आपल्या जुन्याच लेबेल काडतुसावर केली. ते काडतूस बुडाला कडा असलेलं आणि गाजरासारखं निमुळतं, आपोआप भरायला त्रासाचं. म्हणजे काडतूस चुकलं की यंत्र किती पण चांगलं असो, अडकतंच.

महायुद्ध संपलं आणि १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात जॉन गॅरंड नावाचा माणूस कामाला लागला. जन्म १८८८, कॅनडाच्या क्युबेक भागातला. बारा भावंडं. लहानपणीच कापडाच्या गिरणीत झाडू मारायला लागला आणि तिथंच यंत्रं शिकला. कॉलेजची पायरी न चढलेला हा माणूस. (दहावीवाल्याला असा माणूस आवडणारच, हे कबूल करतो.)

त्याच्यासमोर उभा होता जॉन पेडरसन. नावाजलेला, आधीच बंदुकी विकून मोठा झालेला. पेडरसनचं म्हणणं सरळ होतं: .३० चं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीला फार दांडगं आहे. त्याने रायफल जड होते, धक्का जास्त, यंत्र तापतं आणि झिजतं. म्हणून त्याने आधी काडतूसच नवं केलं, .२७६ चं. गोळी सुमारे आठ ग्रॅमची. त्या वेळची .३० ची नवी गोळी अकरा ग्रॅमच्या घरातली. काडतूस लहान, हलकं, शिपायाला तेवढ्याच वजनात जास्त नेता येणारं.

१९२८ साली सैन्याने परीक्षा घेतली. बेशुद्ध केलेल्या डुकरांवर .२५६, .२७६ आणि .३० अशा तिन्ही मापांच्या गोळ्या झाडून जखमा तपासल्या. आज वाचताना कसंतरी होतं, पण झालं ते असं. म्हणून त्या मंडळाचं नावच 'पिग बोर्ड' पडलं. निकाल असा आला की जवळच्या अंतरावर लहान गोळीची जखम मोठीपेक्षा जास्त वाईट. दोन वर्षांनी बकऱ्यांवर पण करून पाहिलं. मोठी गोळी म्हणजे मोठं काम, हा समज तिथं मोडला आणि समितीचा कल .२७६ कडे गेला.

मग गॅरंडने पण आपली रायफल .२७६ वर केली. पेडरसनच्या रायफलीचं एक दुखणं होतं, तिच्या काडतुसांना मेणाचा पातळ थर द्यावा लागायचा, नाहीतर रिकामी नळकांडी सुटत नसत. थर कोरडाच असायचा, तरी सैन्यातल्या लोकांना ते पटलं नाही. धुळीत, चिखलात लोळणाऱ्या माणसाला असला नखरा कोण देणार? गॅरंडची रायफल गॅसवर चालायची, मेण लागायचं नाही, भाग कमी, उघडायला सोपी. तिच्यात एका क्लिपमध्ये दहा गोळ्या. १९३२ च्या सुरुवातीला मंडळाने शिफारस केली: गॅरंडची रायफल, .२७६ चं माप.

सगळं ठरलं असं वाटलं, आणि सैन्याचा प्रमुख डग्लस मॅकआर्थर याने नकार दिला. रायफल चालेल, माप नाही. माप .३० च राहील.

का? तर गोदामात .३० ची काडतुसं भरून पडलेली. सगळ्या मशीनगनी .३० च्या. महामंदी चालू, सरकारकडे पैसा नाही. दोन मापं ठेवली तर लढाईत एका तुकडीकडे चुकीच्या मापाची पेटी पोचायला वेळ लागत नाही, आणि ती पेटी मग दगडासारखी.

इथं मला माझी गोष्ट आठवते. मागं मी स्वस्त पडते म्हणून ठिबकच्या नळ्या १२ मिलिमीटरच्या घेतल्या. नळी चांगली होती, खोट नव्हती. पण आजूबाजूला सगळ्यांचं १६ चं. मे महिन्यात, केळीला पाण्याचा एक दिवस चुकवता येत नाही तेव्हा, नळी फाटली. गावातल्या दुकानात जॉइनर १६ चे, टेकऑफ १६ चे. शेजाऱ्याकडून उसना घ्यावा तर तो पण १६ चा. तालुक्याला जाऊन येईपर्यंत दिवस गेला. म्हणून मॅकआर्थरला नुसतं आडमुठं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण नळी मी आठ-दहा वर्षांत बदलू शकतो. सैन्याचं माप एकदा बसलं की दोन पिढ्या हलत नाही, हे पण तेवढंच खरं.

गॅरंडने रायफल परत .३० वर नेली. सोपं नव्हतं, .३० वर चाचणी चाललेल्या त्याच्याच रायफलीचा बोल्ट मोठ्या काडतुसाच्या जोराने तडकला होता. तो सुधारला. दहाच्या जागी क्लिपमध्ये आठच गोळ्या मावल्या. वजन सव्वाचार किलोच्या पुढे गेलं. ९ जानेवारी १९३६ ला 'एम १' या नावाने ती सैन्यात मंजूर झाली. तरी खोडी निघतच राहिल्या. क्लिपमधली सातवी गोळी अडकायची, त्यावर कारखान्यात बराच खल झाला. गॅस घ्यायची पद्धत पण नंतर बदलली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अशा सुमारे चाळीस लाख रायफली निघाल्या. समोरच्या जर्मन आणि जपानी शिपायांपैकी बहुतेकांच्या हातात अजून बोल्ट ओढायची रायफल होती.

गॅरंडने हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक अमेरिकन संसदेत आलं, ते मंजूर झालं नाही. पगारावर काम केलं, १९५३ मध्ये निवृत्त झाला, १९७४ मध्ये वारला.

मापाचं भांडण मात्र मिटलं नाही. युद्धानंतर ब्रिटिशांनी .२८० चं, म्हणजे पुन्हा सात मिलिमीटरचंच काडतूस पुढे केलं, अमेरिकेने पुन्हा .३० धरून ठेवलं. १९५४ साली नाटोचं माप ठरलं ७.६२. दहा वर्षं होत नाहीत तो अमेरिकेनेच स्वतः ५.५६ ची रायफल हातात घेतली! ज्यांनी सात मिलिमीटर लहान म्हणून नाकारलं, ते साडेपाचवर आले. पेडरसन तेव्हा हयात नव्हता.

आपला हिस्सा इथून. १९६२ ला आपले जवान .३०३ च्या बोल्ट रायफली घेऊन वर बर्फात उभे होते, समोर चिन्यांकडे आपोआप भरणाऱ्या. त्यानंतर इशापूरच्या कारखान्यात ७.६२ ची एसएलआर जोरात निघू लागली, गावातल्या कोणत्याही माजी सैनिकाला विचारा, हात तसाच धरून दाखवील. तीच आपण वर्षानुवर्षं पोलिसांच्या खांद्यावर पाहिली. गंमत म्हणजे इशापूरने जुन्या .३०३ च्या बांध्याचीच बोल्ट रायफल ७.६२ च्या मापात पण काढली. यंत्र जुनं, काडतूस नवं, म्हणजे दोन मापांची कटकट नको. पुढे ५.५६ ची इन्सास आली, कारगिलला तीच होती. आणि २०१९ मध्ये सैन्याने परत ७.६२ च्या रायफली बाहेरून मागवल्या.

आणि या दोन्ही मापांची काडतुसं कुठं बनतात? आमच्या भुसावळजवळ, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. लहानपणापासून बसमधून ती भिंत पाहतोय, आत अर्ध्या मिलिमीटरचं एवढं रामायण असेल हे माहीत नव्हतं. तिथं नोकरी केलेलं कोणी हे वाचत असेल तर ७.६२ वरून ५.५६ वर जाताना यंत्रं किती बदलावी लागली, ते सांगण्यासारखं असेल तेवढं सांगा.

डुकरांसाठी सध्या तरी रात्री बॅटरी आणि डबा वाजवणं चालू आहे. कालपासून खालच्या वावरात आली नाहीत.