तडकलेला कुंदा

बंदुकीचा इतिहास लिहिणारे बहुधा नळीचाच इतिहास लिहितात. नळी किती लांब, गोळी किती वजनाची, मारा किती अंतरावर, याची चर्चा पानोपानी आढळते. परंतु ज्या लाकडावर ती नळी बसते आणि जे लाकूड शिपाई आपल्या खांद्यास लावतो, त्या कुंद्याविषयी दोन ओळींपलीकडे मजकूर क्वचितच सापडतो. वाकस, किकरे, पटाशी आणि रंधा ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या आपल्या ज्ञातिबांधवांस ही उणीव विशेष जाणवावी, म्हणून यंदाच्या अंकासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. खंडेनवमीस शिपाई आपल्या शस्त्राची पूजा करतो आणि कारागीर आपल्या अवजाराची; मराठीत दोहोंस 'हत्यार' हाच एक शब्द आहे. कुंद्याच्या कामात ही दोन हत्यारे एकमेकांस भेटतात.

तोड्याच्या बंदुकीपासून आरंभ करू. आपल्याकडील जुन्या तोड्याच्या बंदुकीत लाकूड नळीच्या तोंडापर्यंत पोहोचलेले असे, आणि नळी त्यावर धातूच्या पट्ट्यांनी, तारेने अथवा कातडी वादीने बांधलेली असे. पाश्चात्त्य लेखकांनी या बांधणीस ओबडधोबड म्हटले आहे. आम्हांस ते मत पटत नाही. लाकूड तडकले तर वादी कापावी, नळी उचलावी, नवे लाकूड कोरून ती पुन्हा बांधावी, एवढ्यावर काम भागे; छावणीच्या बाजारातील साधा सुतारही ते करू शके. युरोपी धर्तीच्या चकमकीच्या बंदुका आल्यावर हे सोपेपण गेले. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी द बॉइनच्या काळात आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली अशा बंदुका तयार होत. या बंदुकीचे लाकूड मुठीपाशी बारीक होते, आणि चापाची यंत्रणा बसविण्यासाठी त्याच जागी ते पोखरलेलेही असते. बंदूक दगडावर आपटली की ती नेमकी तेथेच मोडते. त्यावर ओले कच्चे कातडे घट्ट गुंडाळावयाचे व वाळू द्यावयाचे, म्हणजे ते आकसून भेग आवळून धरते, हा उपाय पुष्कळ देशांत चाले.

आता ज्या बंदुकीने आपल्या देशाचे जवळजवळ सारे विसावे शतक पाहिले, तिच्याकडे वळू. १९०७ साली ब्रिटिश सैन्यात जिचा तिसरा नमुना दाखल झाला ती आखूड ली-एन्फील्ड, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडची 'थ्री-नॉट-थ्री'. कलकत्त्याजवळ ईशापूर येथे, जेथे १७८७ पासून दारूचा कारखाना होता, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी रायफलींचा कारखाना निघाला, आणि ही बंदूक तेथे लाखोंनी तयार झाली. तिचे लाकूड एकसंध नव्हे. मागचा कुंदा वेगळा आणि नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे. मागच्या कुंद्यात लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडलेले असते व त्यातून एक लांब बोल्ट जाऊन तो पोलादी सांगाड्यात आवळला जातो. या रचनेचा मोठा गुण असा की मागचा कुंदा फुटला तर तेवढाच बदलता येतो. शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे तो निरनिराळ्या मापांत मिळे. नेहमीच्या मापाहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि फार बुटक्या शिपायासाठी एक इंच आखूड.

मात्र या सोयीतच एक सापळा आहे. त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील एका लहानशा पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड आधी न काढता कोणी उतावळेपणाने मागून बोल्ट फिरविला, तर ते चौकोनी टोक फिरते आणि पुढचे लाकूड मागच्या बाजूने चिरफळते. कुंदा ढिला झाला म्हणून घट्ट करावयास गेलेल्या माणसाच्या हातून चांगले लाकूड फुटावे, असा हा प्रकार. कोणते काम आधी व कोणते नंतर हे ज्यास ठाऊक नाही त्याने हत्यारास हात लावू नये, असे आपले वडीलधारे शिकाऊ मुलांस बजावीत. त्यास याहून बोलका दाखला आम्हांस आढळला नाही.

तथापि बहुतेक भेगांचे कारण निराळे असते, आणि ते सुतारासच चटकन समजते. बार उडताच नळी व तिच्या मागचा सांगाडा मागे झेपावतो. तो धक्का पुढच्या लाकडातील, गोळ्यांच्या पेटीमागच्या, दोन लहान खांद्यांवर येऊन पडतो. पोलाद व लाकूड तेथे अंगास अंग लागून असतील तर लाकूड धक्का सोसते. शेकडो बार झाले तरी त्यास काही होत नाही. पण लाकूड सुकून आकसले, अथवा तेल मुरून मऊ पडले, आणि मध्ये कागदाएवढी फट राहिली, की तेच पोलाद प्रत्येक बारास हातोड्यासारखे आदळते. मग रेषेबरोबर चीर पडते आणि ती पुढे सरकत जाते. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तीत मराठा पलटणी होत्या, आणि डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळातील कुतच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली. ज्या मुलखात उन्हाळा लाकडातील ओल शोषून घेतो व हिवाळी पूर सर्वत्र चिखल करतो, तेथे अक्रोडाचे लाकूडही एका मापावर टिकत नाही. कच्चे जवसाचे तेल वरचेवर चोळण्याचा सैन्यात जो शिरस्ता होता, तो काही केवळ चकाकीसाठी नव्हता.

तेव्हा अशी भेग सरस घालून दाबून धरली म्हणजे दुरुस्त झाली असे मानणे चूक होय. फट तशीच राहते, व दहा-वीस बारांत भेग पुन्हा तोंड उघडते. जाणता कारागीर भेग सांधतोच. परंतु त्याचबरोबर झिजलेले खांदे चौकोनी कोरून काढतो व तेथे कणखर लाकडाचे नवे तुकडे, रेषेचा रोख नीट पाहून, बसवितो. नंतर पोलादास काजळ लावून ते लाकडात दाबावयाचे, जेथे काळा डाग उठेल तेथे पटाशीने केसभर तासावयाचे, व पुन्हा दाबावयाचे. दोन्ही खांद्यांवर डाग सारखा उठेपर्यंत हे चालते. दाराच्या चौकटीत कुसू बसविताना जो धीर लागतो तोच येथे लागतो. फरक इतकाच की दार कुरकुरले तर घरधनी चिडतो, आणि येथे एकच खांदा टेकला तर गोळी निशाण सोडून जाते. शिपाई स्वतःच्या हातास दोष देतो. लाकडास दोष देण्याचे त्याच्या मनातही येत नाही.

ईशापूरच्या कारागिरांनी या दुखण्यावर आपल्या परीने तोड काढली. त्यांनी पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घालून दोन्ही बाजू एकत्र आवळल्या; जगभरचे संग्राहक त्या स्क्रूस आजही ईशापूरच्याच नावाने ओळखतात. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने तिकडचे नरम लाकूड वापरून खांद्यांवर तांब्याच्या पट्ट्या बसविल्या. हातबाँब फेकण्यासाठी ज्या बंदुका वेगळ्या काढीत, त्यांच्या पुढच्या लाकडास सरळ तार गुंडाळून डाग देत. तोड्याच्या बंदुकीची ओबडधोबड म्हणून हिणवलेली तार अशी विसाव्या शतकात पुन्हा दाखल झाली!

कुंदा हा केवळ आधार नव्हे, याचा एक प्रसंग महाराष्ट्राने विसरता कामा नये. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील सारे जण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. बाँब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकास टॉमीगनने टिपले, आणि गोळ्यांची पेटी बदलण्यास अवसर नव्हता म्हणून तीच टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांस तिच्या तडाख्यांनी ठार केले. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तेथेच पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज माणगावला त्यांचे स्मारक आहे. त्या क्षणी दोन हातांत जे उरले होते त्याचा जड शेवट अक्रोडाचा होता. ते लाकूड कोणी घडविले याची नोंद कोठेही नाही.

१९६२ च्या चिनी आक्रमणात आपले जवान मुख्यतः हीच बोल्टची बंदूक घेऊन लढले. त्यानंतर ईशापुरास ७.६२ मिलिमीटरची तिची नवी आवृत्ती निघाली, व स्वयंभरणाची रायफलही आली. दोहोंस लाकडी कुंदे होते. नव्वदच्या दशकात इन्सास आली आणि लाकडाची जागा मुख्यत्वे प्लास्टिकने घेतली. पोलिसांच्या हाती मात्र थ्री-नॉट-थ्री पुढेही पुष्कळ वर्षे राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरही ती होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० साली निरोप दिला.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका आजही आढळतात. आषाढात फुगणारे व वैशाखात आकसणारे त्यांचे कुंदे तांब्याच्या तारेने बांधलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत. त्यांतील एका कुंद्यातील शिसवी ठिगळ इतके बेमालूम होते की बोट फिरविल्यावाचून ते कळले नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये बंदुकीची दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. शेजाऱ्याच्या आग्रहास्तव असे काम अंगावर घेऊन कोणी ज्ञातिबांधव अडचणीत येऊ नये.

आपल्यापैकी ज्यांचे आजे-पणजे पलटणीबरोबर, खडकीस अथवा अन्य सरकारी कारखान्यात सुतारकाम करीत होते, त्यांनी त्यांची हत्यारे, बिल्ले, पगाराची पुस्तके वा नुसत्या ऐकीव आठवणी असतील तर चिटणिसांकडे लिहून पाठवाव्यात. पुढील वर्षीच्या अंकात त्यांस जागा राखून ठेवण्याचे संपादक मंडळाने मान्य केले आहे.