इंग्रजी वाड्यांतील भुतें

मेकॉलेचा क्लाइव्हवरील निबंध ज्यांनीं विद्यार्थिदशेंत वाचला असेल, त्यांना त्यांतील एक लहानशी हकीकत कदाचित् आठवत असेल. हिंदुस्थानांतून अमाप संपत्ति घेऊन परतलेल्या रॉबर्ट क्लाइव्हनें इंग्लंडांतील सरे परगण्यांत क्लेअरमाँट नांवाची जागा विकत घेतली, तेथील जुना वाडा पाडला आणि नवा बांधावयास काढला. भोंवतालचे शेतकरी ती इमारत चढतांना पाहून भीत आणि एकमेकांच्या कानांत सांगत कीं, ह्या दुष्ट सरदारानें भिंती मुद्दामच इतक्या जाड करविल्या आहेत. एके दिवशीं सैतान त्याला सदेह उचलून नेण्यास येणार, त्याला बाहेर थोपवून धरण्यासाठीं ही तजवीज आहे. भिंतींचा चुना पुरता वाळलाहि नव्हता, तोंच त्या घराभोंवतीं भुताची गोष्ट तयार झाली होती!

मेकॉलेला ही खेडवळ समजूत वाटली. मला मात्र त्या शेतकऱ्यांच्या शहाणपणाचें कौतुक वाटतें. एवढा पैसा कोठून आला, आणि त्याचा जाब कोणी विचारणार कीं नाहीं, हा प्रश्न त्यांना उघडपणें विचारतां येत नव्हता. तो त्यांनीं सैतानाच्या तोंडीं घातला. आपल्याकडेहि म्हणतात कीं, ज्याची वासना कोठें तरी अडकून राहिली त्याचें भूत होतें. धनाच्या लोभांत मेलेल्याचा समंध होऊन तो पुरलेल्या हंड्यापाशीं बसतो. इंग्रजी भूतकथेंत वासना अडकते ती खेड्यांतील जुन्या, पडझड झालेल्या वाड्यांत. म्हणून ह्या कथांतील पात्रें ओळखावयाचीं असतील, तर हें भूत खरें कीं खोटें हा वाद घटकाभर बाजूला ठेवावा आणि एवढेंच विचारावें कीं, हा वाडा कोणाचा, आणि त्यावर देणें कोणाचें?

ह्या कथांची गंगोत्री १७६४ सालच्या अखेरीस सांपडते. इंग्लंडच्या मुख्य प्रधानाचा मुलगा होरेस वॉल्पोल ह्यानें लंडनजवळ ट्विकनहॅम येथें 'स्ट्रॉबेरी हिल' नांवाचें आपलें घर मध्ययुगीन गढीसारखें सजविलें होतें. तेथील एका दालनाच्या छताची नक्षी चक्क कागदाच्या लगद्याची होती. एका जुन्या गढीच्या जिन्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात आपण स्वप्नांत पाहिला, असें त्यानें एका मित्राला लिहिलें, आणि त्या स्वप्नांतून 'कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी जन्मास आली. पहिल्या आवृत्तींत हें एका जुन्या इटालियन ग्रंथाचें भाषांतर आहे अशी बतावणी होती; दुसऱ्या आवृत्तीच्या वेळीं, १७६५ मध्यें, ग्रंथकर्त्यानें आपलें कर्तृत्व कबूल केलें.

ह्या कादंबरीचा नायक म्हणा कीं खलनायक म्हणा, मॅनफ्रेड, हा ओट्रँटोचा राजा. त्याच्या एकुलत्या मुलाच्या लग्नाच्या दिवशींच आभाळांतून पडावें तसें एक राक्षसी शिरस्त्राण कोसळतें आणि मुलगा त्याखालीं चिरडून मरतो. पुढें उलगडा होतो कीं, मॅनफ्रेडच्या आजानें आपल्या धन्याला विष घालून मारलें होतें आणि खोटें मृत्युपत्र करून राज्य बळकाविलें होतें. खरा वारस एक शेतकरी तरुण म्हणून समोरच वावरत असतो. शेवटीं किल्ल्याच्या भिंती ढासळतात आणि मारलेल्या धन्याची विराट आकृति त्या भग्नावशेषांतून वर येते. म्हणजे ह्या कुळांतलें पहिलें भूत हें हक्क बुडालेल्या मालकाचें होतें, आणि त्याचें मागणें सरळ होतें: माझें घर मला परत द्या.

पहिलें पात्र असा हा बळकावणारा मालक. दुसरें पात्र म्हणजे कोंडलेली वारस कन्या. अॅन रॅडक्लिफ हिच्या १७९४ सालच्या 'मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' ह्या कादंबरींत माँटोनी नांवाचा गृहस्थ एमिली ह्या पोरक्या मुलीला तिच्या आत्येसह डोंगरांतल्या किल्ल्यांत नेऊन ठेवतो. पडदे हलतात, अपरात्रीं सूर ऐकूं येतात. पण रॅडक्लिफबाई अखेरीस प्रत्येक चमत्काराचा लौकिक खुलासा करतात. खुलासा झाल्यावर भीति नाहींशी व्हावी, पण ती होत नाहीं. कारण माँटोनीला हवी असते ती कागदावरची सही, आणि ती धमकी खरीच असते. त्या काळच्या इंग्रजी कायद्यांत लग्न झालेल्या स्त्रीच्या रोकड, दागिने इत्यादि जंगम मालमत्तेचा धनी नवरा होई, आणि तिच्या जमिनीचें उत्पन्नहि तोच घेई. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनीं ही स्थिति पालटली. तोंपर्यंत श्रीमंत मुलीच्या अंगावर कांटा येण्यास पिशाच्चाची गरज नव्हती. डब्लिनच्या शेरिडन ल फॅन्यूची 'अंकल सायलस' ही कादंबरी १८६४ ची. तींत वडिलांच्या मृत्युपत्रानें मॉड नांवाची मुलगी काकाच्या स्वाधीन होते, आणि ती सज्ञान होण्यापूर्वीं वारली तर सारी इस्टेट त्याच काकाला मिळावयाची असते. एवढें एक कलम वाचलें कीं त्या पडक्या वाड्यांतील प्रत्येक पावलाचा आवाज वाचकाला ऐकूं येऊं लागतो.

तिसरें पात्र माळ्यावर राहतें. शार्लट ब्राँटे हिच्या 'जेन एअर' ह्या १८४७ सालच्या कादंबरींत थॉर्नफील्डच्या वाड्यांत वरच्या मजल्यावरून विकट हास्य ऐकूं येतें, रात्रीं बिछान्याला आग लागते. हें भूत नसून मालकाची पहिली बायको आहे, असें पुढें कळतें. बर्था मेसन ही जमेका बेटांतली. मालक रॉचेस्टर हा धाकटा मुलगा; इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणें सगळी जमीन थोरल्या भावाकडे जावयाची, म्हणून बापानें तीस हजार पौंडांचा हुंडा पाहून त्याचें लग्न त्या बेटावर लावून दिलें. जमेकांतील तें धन आलें कोठून, हें कादंबरी सांगत बसत नाहीं, इतिहास सांगतो. तीं बेटें उंसाचीं, आणि उंसाच्या मळ्यांत राबत होते ते आफ्रिकेंतून आणलेले गुलाम. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामगिरी बंद केली तेव्हां दोन कोटि पौंड भरपाई मंजूर झाली. ती मिळाली गुलामांच्या मालकांना. गुलामांना एक पैहि मिळाली नाहीं. यॉर्कशायरमधील हेअरवुडसारखे भव्य वाडे अशाच वेस्ट इंडीजच्या पैशावर उभे राहिले होते. तो पैसा घरांत आला, बर्थाहि त्याच्याबरोबर आली. पैसा दिवाणखान्यांत राहिला आणि ती माळ्यावर कोंडली गेली. तिची बाजू मांडणारी कादंबरी डोमिनिका बेटांत जन्मलेल्या जीन ऱ्हिस हिनें लिहिली, ती १९६६ सालीं. म्हणजे तब्बल ११९ वर्षांनीं.

चवथें पात्र म्हणजे गव्हर्नेस, अर्थात् मुलांना शिकविणारी पगारी बाई. ही मोठी विलक्षण जागा होती. जन्मानें आणि शिक्षणानें ती कुलीन, पण पोटासाठीं नोकर. घरच्या मंडळींच्या पंक्तीला तिला मान नाहीं आणि नोकरांच्या स्वयंपाकघरांतहि तिला आपलेपणा नाहीं. अशा बायका म्हातारपणीं इतक्या निराधार होत कीं, त्यांच्या मदतीसाठीं लंडनमध्यें १८४३ सालीं एक स्वतंत्र संस्था काढावी लागली. वाड्यांतील सर्व जिने जिला माहीत, पण ज्यांतील एकहि दार जिचें नाहीं, तिलाच रात्रीं भूत दिसावें ह्यांत नवल काय? हेन्री जेम्सच्या 'टर्न ऑफ द स्क्रू' ह्या १८९८ सालच्या दीर्घकथेंत ब्लाय नांवाच्या वाड्यावर अशीच एक तरुण गव्हर्नेस दोन पोरक्या मुलांना सांभाळते. मालक म्हणजे मुलांचा चुलता. त्याची एकच अट, कसलीहि तक्रार घेऊन माझ्याकडे यावयाचें नाहीं. तिला भुतें दिसतात तीं कोणाचीं? मालकाच्या पूर्वजांचीं नव्हेत. एक त्याचा मेलेला चाकर, जो धन्याचेच कपडे घालून मिरवीत असे, आणि दुसरी तिच्याच जागेवर पूर्वीं असलेली गव्हर्नेस. ओट्रँटोंत भूत मालकाचें होतें. दीडशें वर्षांच्या आंत तें नोकराचें झालें.

हा फरक समजण्यास वाड्यांची पडझड समजली पाहिजे. १८७० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या माळरानांवरील गहूं आगगाडीनें आणि आगबोटीनें स्वस्तांत इंग्लंडला येऊं लागला. गव्हाचा भाव पडला, कुळांना खंड देणें जड जाऊं लागलें, आणि जमीनदारांचें उत्पन्न आटलें. १८९४ मध्यें अर्थमंत्री हारकोर्ट ह्यानें वारसाकर बसविला. तो मोठ्यांत मोठ्या इस्टेटीवर शेंकडा ८ होता, १९१९ मध्यें तो शेंकडा ४० वर गेला. मधल्या महायुद्धांत थोरले मुलगे पडले, आणि जे नोकर लढाईवर किंवा कारखान्यांत गेले त्यांतले बहुतेक झाडूपोंछा करण्यास परत आले नाहींत. छप्पर गळूं लागलें, खोल्या एकामागून एक बंद झाल्या. अशा घरांत उरलेल्या माणसांना प्रत्येक बंद खोली भुताची वाटावी हें स्वाभाविकच होतें.

ह्याच काळांतलें पांचवें पात्र म्हणजे घराची कारभारीण. डॅफ्नी ड्यू मॉरिए हिच्या 'रिबेका' ह्या १९३८ सालच्या कादंबरींतील मिसेस डॅन्व्हर्स ही मेलेल्या मालकिणीची खोली जशीच्या तशी झाडून पुसून ठेवते आणि नव्या मालकिणीला पदोपदीं तुच्छ लेखते. तेथें भूत एकदांहि दिसत नाहीं; कारभारणीची निष्ठाच भुताचें काम करते. आणि सहावें पात्र म्हणजे बाहेरून आलेला डॉक्टर. सेरा वॉटर्स हिच्या २००९ मधील 'लिटल स्ट्रेंजर' ह्या कादंबरींत दुसऱ्या महायुद्धानंतरचा एक मोडकळीस आलेला वाडा आहे. डॉक्टरची आई एके काळीं त्याच वाड्यांत मुलांची दाई होती. लहानपणीं त्यानें तेथील भिंतीवरच्या नक्षींतला एक तुकडा फोडून घेतला होता. वाड्याविषयीं त्याला प्रेम आहे कीं हांव, हें त्याचें त्यालाहि उमजत नाहीं, आणि घरांत जें कांहीं वावरतें तें कोणाचें, हें लेखिका सांगत नाहीं. वाचकानें मात्र त्या तुकड्याची आठवण ठेवावी.

श्रोतेहो, एक गोष्ट कदाचित् आपल्या लक्षांत आली नसेल. ब्लायच्या गव्हर्नेसला संबंध कथेंत नांव नाहीं. 'रिबेका'ची कथा सांगणाऱ्या तरुण पत्नीलाहि नांव नाहीं. नांव आहे तें मेलेल्या रिबेकाला, आणि तेंच पुस्तकालाहि मिळालें. मोठ्या घरांच्या दप्तरांत असेंच असतें. मालकांचीं तैलचित्रें जिन्यावर टांगलेलीं असतात. पाणी वाहणारी, पोरें वाढविणारी, दूरच्या बेटावर ऊंस तोडणारी माणसें जमाखर्चाच्या एखाद्या ओळींत, आणि पुष्कळदां तेथेंहि नाहींत. ज्यांना वहींत जागा मिळाली नाहीं, त्यांना गोष्टींत भूत होऊन यावें लागलें.

१९७४ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अॅल्बर्ट संग्रहालयानें पाडलेल्या वाड्यांचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां हजाराहून अधिक वाडे नाहींसे झालेले लोकांनीं पाहिले आणि हळहळ व्यक्त केली. ती हळहळ खोटी नव्हती. सुंदर वस्तु पडतांना वाईट वाटतेंच. पण २०२० मध्यें नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेनें आपल्या ताब्यांतील ९३ स्थळांचा वसाहतींशीं आणि गुलामगिरीशीं असलेला संबंध छापून प्रसिद्ध केला, तेव्हां इंग्लंडांत मोठा गहजब झाला. वाडा पडल्याचें दुःख सोसतां येतें; वाड्याचा हिशेब ऐकणें अवघड जातें.

क्लेअरमाँटचें घर पुरें होत आलें त्या सुमारास, १७७४ मध्यें, क्लाइव्ह वारला. जाड भिंती अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या आंत आज शाळा भरते. सैतान आला कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. पण तेथील मुलांना कोणी त्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगितली, आणि एखाद्यानें हात वर करून विचारलें कीं, "गुरुजी, पण एवढा पैसा आला कोठून?", तर त्या घरांतलें भूत खरोखरीच कांहींसें शांत होईल, असें मला वाटतें.